भट्टीसुद्धा बंद करायला हवी: खारघरच्या मेंदू-कॅन्सर संशोधकांना खुले पत्र

प्रति,
टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र ॲक्ट्रेक, खारघर, नवी मुंबई येथे मेंदूच्या गाठींवर काम करणारे सर्व डॉक्टर आणि संशोधक यांस,

स. न. वि. वि.

ठाण्याला नौपाड्यात माझं मेडिकलचं दुकान आहे. नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे, अठ्ठावीस वर्षं काउंटरमागे उभी आहे. मागच्या वर्षी मी माझ्या धाकट्या भावाला एकोणीस दिवस हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिली, मलेरियाच्या क्लोरोक्विनसारखीच एक गोळी. २०० मिलिग्रॅमची गोळी, सकाळी एक, रात्री एक. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हती आणि डॉक्टरांना सांगितलंही नव्हतं. त्याला ग्लायोब्लास्टोमा होता, मेंदूचा फार झपाट्यानं वाढणारा कॅन्सर.

ही गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे मागणार आहे ते सगळं तिच्यावर उभं आहे.

भाऊ वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ओतकामावर होता. त्याच्या घराची एक किल्ली माझ्या दुकानात ठेवलेली असायची. एका संध्याकाळी तो आला, हात पुढे केला आणि म्हणाला, "ताई, ते दे ना, दाराचा... दाराचा दात." मी किल्ली दिली. तो गेला. दिवसभर भट्टीपुढे उभा राहून दमलाय, एवढंच माझ्या मनात आलं. आठ दिवसांनी पुन्हा "दाराचा दात." या वेळी तो स्वतःच थबकला. आपण काहीतरी चुकीचं बोललो हे त्याला कळलं होतं, पण बरोबर शब्द सापडत नव्हता. त्याच आठवड्यात फिट आली. एमआरआयमध्ये डाव्या बाजूला, कानाच्या वरच्या भागात गाठ दिसली. ऑपरेशन झालं, आणि पॅथॉलॉजीच्या कागदावर तो शब्द आला.

पुढची वाट तुम्ही रोज बघता. सहा आठवड्यांचं रेडिएशन, तोंडावर जाळीचा मास्क आवळून, तीस वेळा. रोज उपाशीपोटी टेमोझोलोमाइड ही केमोथेरपीची कॅप्सूल, आणि त्याआधी उलटी होऊ नये म्हणून ऑन्डॅन्सेट्रॉन. मग एक महिना सुट्टी आणि पुढे दर २८ दिवसांतले पाच दिवस कॅप्सूल. या कॅप्सूलनं काय साधलं ते २००५ साली छापून आलं: नुसत्या रेडिएशननं मध्यम आयुष्य, म्हणजे निम्मे रुग्ण जिथवर जगले ते, १२.१ महिने, टेमोझोलोमाइड जोडल्यावर १४.६. दोन वर्षं जगणारे शंभरात दहा होते, ते सव्वीस झाले. त्या सव्वीसांत आपलं माणूस असावं म्हणून घरचे काय काय करतात, हे मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

शोधनिबंध वाचायची मला सवय नव्हती. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेल्या बारीक अक्षरांच्या कागदापर्यंतच माझं वाचन. भावाच्या आजारानं ती सवय लावली. साडेदहाला शटर ओढलं की घरी जाऊन मी वाचत बसायचे. त्यात २०१३ सालचा, लंडनच्या संशोधकांचा एक निबंध हाती लागला. तो मी चार रात्री वाचला.

त्यातलं सार माझ्या भाषेत सांगते, म्हणजे हे पत्र वाचणाऱ्या इतर घरांनाही कळेल. पेशीला प्रथिनं बनवायला आर्जिनिन नावाचं अमिनो आम्ल लागतं. रक्तातून ते मिळालं नाही तर निरोगी पेशी सिट्रुलिनपासून ते स्वतः बनवते. त्यासाठी तिला दोन विकरं (एन्झाइम) लागतात, एएसएस-१ आणि एएसएल. काही ग्लायोब्लास्टोमांमध्ये ही विकरं बनवणाऱ्या जनुकांवर मेथिलचे गट चढून बसलेले असतात आणि ती जनुकं गप्प झालेली असतात. अशा गाठीला आर्जिनिन विकतच घ्यावं लागतं, घरी बनत नाही. मग रक्तातलं आर्जिनिनच संपवून टाकलं तर? एडीआय-पेग २० हे इंजेक्शन तेच करतं. ते मायकोप्लाझ्मा या सूक्ष्मजीवाकडून घेतलेलं विकर आहे, आर्जिनिन डायमिनेज. नुसतं टोचलं तर शरीर ते लगेच काढून टाकतं, म्हणून त्याला पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या जोडतात, आणि मग आठवड्याला एक इंजेक्शन पुरतं. मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते हे, की मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची जी भिंत बहुतेक औषधांना अडवते, ती या विकराला ओलांडावीच लागत नाही. रक्तात राहूनच ते गाठीची रसद तोडतं.

ही कल्पना मला परकी वाटली नाही. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरात एल-ॲस्परॅजिनेज कित्येक दशकं हेच करत आलंय, वेगळ्या अमिनो आम्लाच्या बाबतीत. ती कुपी कधीमधी माझ्या फ्रिजात मागवून ठेवावी लागते. आईबाप ती बर्फाच्या डब्यातून घेऊन जातात, डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून.

पण त्या निबंधातलं खरं वळण पुढे होतं. आर्जिनिन तोडल्यावर पेशी लगेच मरत नाही. आधी ती स्वतःचंच खायला लागते. याला ऑटोफॅजी म्हणतात, स्वभक्षण. पेशीतले जुने, मोडके भाग एका पिशवीत गुंडाळायचे, ती पिशवी लायसोझोमला, म्हणजे पेशीतल्या आम्लाच्या डब्याला, नेऊन जोडायची, तिथल्या आम्लात सगळं विरघळवायचं आणि निघालेली अमिनो आम्लं पुन्हा कामाला लावायची. ही यंत्रणा कशी चालते हे उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल मिळालं. उपासमारीत हीच यंत्रणा गाठीच्या पेशीला तगवून धरते. क्लोरोक्विन लायसोझोममध्ये जाऊन साचतं आणि तिथलं आम्ल निवळतं. मग पिशव्या नुसत्या साठत जातात, विरघळत काही नाही. लंडनच्या प्रयोगशाळेत, ज्या पेशींतली ती जनुकं गप्प होती त्यांना विकरासोबत क्लोरोक्विन दिलं, तेव्हा त्या लवकर मेल्या आणि जास्त मेल्या.

क्लोरोक्विन! आपल्याकडच्या कुठल्याही घराला हे नाव नवीन नाही. पावसाळ्यात ताप आला की महापालिकेचा माणूस बोट टोचून काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा आणि हातावर कडू गोळ्या ठेवायचा, चार एकदम. तिचीच बहीण हायड्रॉक्सिक्लोरोक्विन संधिवाताच्या आणि ल्युपसच्या बायका वर्षानुवर्षं माझ्याकडून नेतात. ज्या औषधाला मी रोज हात लावत होते, त्याचं नाव माझ्या भावाच्या आजारापुढे लिहिलेलं होतं.

एका रविवारी दुपारी मी हे त्याला समजावून सांगितलं. रेडिएशन संपून महिना झाला होता. त्याला समजायचं सगळं, बोलताना शब्द हाताला लागायचे नाहीत. गॅलरीत खुर्चीवर बसला होता, हातावर सलाइनच्या सुयांचे निळे डाग. मी वहीच्या मागच्या पानावर चित्र काढलं: ही पेशी, हा बाहेरून येणारा माल, हा आम्लाचा डबा. तो बराच वेळ बघत राहिला. मग बोट ठेवून म्हणाला, "माल बंद." थांबला. "मग... भंगार." त्यानं मनगट वळवून साच्यात धातू ओततात तशी खूण केली. कारखान्यात कच्चा माल आला नाही की पडलेलं भंगार वितळवून काम चालू ठेवायचे, ते तो मला सांगत होता. आणि मग, एकेक शब्द उचलत, "भट्टी. ताई, भट्टीसुद्धा बंद."

संपूर्ण निबंध त्यानं चार शब्दांत सांगितला होता. त्या आनंदातच मी दुसऱ्या दिवशी चूक केली.

विकराचं इंजेक्शन माझ्याकडे नव्हतं. ते कुठल्याच दुकानात मिळत नाही, अजून चाचण्यांपुरतंच आहे. माझ्याकडे फक्त गोळी होती, काउंटरमागच्या कपाटात. माल चालू ठेवून मी नुसती भट्टी बंद करायला निघाले होते. त्याच्या गाठीतली ती दोन जनुकं गप्प आहेत की जागी, हेही कुणी तपासलं नव्हतं. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मार्च २०२० पासून शेड्यूल एच-वनच्या नियमांत आहे. चिठ्ठी हवी, वेगळ्या रजिस्टरात नोंद हवी. मी ते रजिस्टर उघडलं आणि काही न लिहिता मिटलं. भावजयीला सांगितलं, ताकदीची गोळी आहे. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

त्याच्या रक्तात प्लेटलेट १ लाख ८० हजारांच्या आसपास असायच्या. पुढच्या तपासणीत ५८ हजार आल्या, पांढऱ्या पेशीही खाली. टेमोझोलोमाइडची पुढची फेरी दोन आठवडे पुढे ढकलली गेली. डॉक्टर म्हणाले, कॅप्सूलनं होतं असं कधी कधी. होतं, हे मलाही ठाऊक आहे. त्यांनी विचारलं, "बाकी औषधं तीच चालू आहेत ना?" भावजय माझ्याकडे बघत होती. मी मान हलवली.

त्या रात्री गोळी बंद केली. तीन आठवड्यांत आकडे वर आले. पाच महिन्यांनी तो गेला. गोळीमुळे गेला असं मी म्हणत नाही. त्या आजारात माणसं जातात. पण ती फेरी कशामुळे लांबली, हे मला कधीच कळणार नाही आणि तुम्हालाही कळणार नाही, कारण त्याच्या केसपेपरवर ती गोळी कुठेच नाही. त्या एकोणीस दिवसांतून कुणाला काही शिकता आलं असतं, ते मी मान हलवून पुसून टाकलं.

नंतर मी उरलेलं वाचलं, जे आधी वाचायला हवं होतं. मेक्सिकोत ३० रुग्णांवर एक चाचणी झाली, २००६ साली छापून आली. नेहमीच्या उपचारांबरोबर क्लोरोक्विन घेणाऱ्यांचं मध्यम आयुष्य २४ महिने होतं, न घेणाऱ्यांचं ११. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण रुग्ण इतके थोडे की फरक योगायोगानं पडला नाही असं ठामपणे म्हणता आलं नाही. मग अमेरिकेतली मोठी चाचणी, २०१४ ची, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडबरोबर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. दिवसाला ८०० मिलिग्रॅम घेणाऱ्या तिन्ही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळल्या, म्हणून ६०० ही मर्यादा ठरली. त्या ६०० वर स्वभक्षण सगळ्यांमध्ये नीट थांबलं नाही आणि आयुष्यही वाढलेलं दिसलं नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरांत मेक्सिकोचे २४ महिने असतात. त्या तीन रुग्णांच्या प्लेटलेट नसतात.

आणखी दोन गोष्टी, ज्या फार्मासिस्ट म्हणून माझ्या लक्षात यायलाच हव्या होत्या. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ईसीजीवरचं क्यूटी अंतर लांबवते, आणि ते फार लांबलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ऑन्डॅन्सेट्रॉनही लांबवतं. दोन्ही मी एकाच तळहातावर ठेवत होते. दुसरी, फिट येणाऱ्या माणसाला ही गोळी जपून द्यायची असते, कारण तिनं फिट येणं सोपं होतं. भाऊ फिटच्या गोळीवर, लेव्हेटिरासिटॅमवर, होता. परक्या गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर हे दिसलं असतं तर मी पेन खाली ठेवून डॉक्टरांना फोन केला असता.

हे सगळं तुम्हाला लिहायचं कारण म्हणजे मी एकटी नाही. दिवाळीनंतर ऐरोलीहून एक मुलगी आली, पंचविशीची, ऑफिसची बॅग खांद्यावर. मोबाइलवर एक फोटो दाखवला आणि विचारलं, "ही गोळी आहे का? बाबांच्या ब्रेन ट्यूमरसाठी." मी चिठ्ठी मागितली. नव्हती. मी तिला आत बसवलं, चहा मागवला, माझ्या भावाचं सांगितलं, हे पत्र सोडलं तर पहिल्यांदाच. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, पण काहीच न करता बसून कसं राहायचं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती निघून गेली. स्टेशनपर्यंत वाटेत आणखी कितीतरी मेडिकल आहेत.

२०२० चा उन्हाळा मला आठवतो. करोनावर हीच गोळी चालते अशी हवा झाली आणि आठवडाभरात दुकानांतली पाकिटं संपली. वीस वर्षांपासून सांधे धरून चालणाऱ्या बाईला मी हात हलवत परत पाठवलं. जूनमध्ये ब्रिटनच्या मोठ्या चाचणीनं सांगितलं की रुग्णालयात दाखल झालेल्यांना तिचा उपयोग होत नाही. त्या चाचणीला रुग्ण नेमून, चिठ्ठ्या टाकून, मोजून उत्तर काढायला तीन महिनेही लागले नाहीत. मनावर घेतलं तर उत्तर मिळतं, हे मी तेव्हा पाहिलं.

आता मागणं. ऐरोलीच्या मुलीला द्यायला मला उत्तर हवंय, आणि ते तुमच्याकडेच तयार होऊ शकतं.

पहिलं म्हणजे, गोळी गाठीत पोचून भट्टी खरंच बंद करते का, एवढंच आधी बघा. अमेरिकेच्या चाचणीत स्वभक्षण थांबलं की नाही हे रक्तातल्या पेशींवरून जोखलं होतं. गाठीत काय झालं ते गाठीतच बघायला हवं. त्याची रीत तुमच्याकडे आहे. रेस्व्हेरॅट्रॉल आणि तांब्याच्या गोळीवर तुमच्या संस्थेतून झालेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या छोट्या अभ्यासात ऑपरेशनआधीच्या दिवसांत रुग्णांना औषध दिलं आणि काढलेल्या गाठीत त्याचा परिणाम तपासला. तसंच इथे करता येईल: ऑपरेशनची तारीख ठरलेल्या रुग्णाला, संमतीनं, ईसीजी आणि डोळे तपासून, क्लोरोक्विन द्यायचं आणि गाठ हातात आली की तिच्यात औषध किती पोचलं, स्वभक्षण अडलं की पेशीत साठणारी प्रथिनं, एलसी-३ आणि पी-६२, किती साठली ते मोजायचं. एक अडचण मला दिसते ती सांगते. ही गोळी शरीरात सावकाश साठते, तिचं अर्धआयुष्य आठवड्यांत मोजावं लागतं, आणि ऑपरेशन तितकं थांबत नाही. सुरुवातीला मलेरियासारखी मोठी मात्रा द्यायची का, की पहिल्या ऑपरेशनऐवजी गाठ पुन्हा आल्यावरच्या दुसऱ्या ऑपरेशनला हे करायचं, हे तुम्ही ठरवाल. पण "नाही, पोचतच नाही" असं उत्तर आलं तरी मला ते हवंय. तो कागद मी काउंटरवर लावेन.

दुसरं, गाठीची ती दोन जनुकं. गाठीतल्या एमजीएमटी या जनुकाचं मेथिलेशन (मेथिलचे गट चढणं) तपासतात, कारण टेमोझोलोमाइड कुणाला जास्त लागू पडेल हे त्यावरून कळतं. लंडनच्या निबंधाचं म्हणणं असं, की विकराच्या बाबतीत एएसएस-१ आणि एएसएल यांचं मेथिलेशन हीच खूण आहे, आणि जिथे दोन्ही गप्प असतात तिथे विकराचा मारा सर्वांत जोरात बसतो. आपल्याकडच्या रुग्णांच्या गाठींत हे किती जणांमध्ये आहे? हे मोजायला कुणाला नवीन औषध द्यावं लागत नाही. ऑपरेशन झालेल्या प्रत्येक रुग्णाची गाठ मेणाच्या ब्लॉकमध्ये कुठल्या ना कुठल्या कपाटात आहे.

या दोन्हींची उत्तरं जुळली तरच तिसरं, विकर आणि गोळी एकत्र. विकराबद्दल आता फक्त काचेच्या बशीतलं बोलणं राहिलेलं नाही. फुप्फुसाच्या आवरणाचा जो अवघड कॅन्सर असतो, मेसोथेलिओमा, त्याच्या चाचणीत केमोथेरपीबरोबर हे विकर दिल्यावर मध्यम आयुष्य ७.७ वरून ९.३ महिन्यांवर गेलं, हे २०२४ मध्ये छापून आलं. वाढ दीड महिन्याची. लहान आहे, पण खरी आहे, आणि भट्टी चालू असताना मिळालेली आहे. म्हणूनच भट्टी बंद केल्यावर काय होईल हे मला जाणून घ्यायचंय. घाई मात्र नको. मेंदूच्या निरोगी पेशीही स्वभक्षणावर जगतात, रोजचा कचरा त्या याच वाटेनं काढतात. किती दिवस, किती मात्रेत ही वाट अडवायची आणि कधी मोकळी करायची, हे घरच्या कुणाला ठरवता येणार नाही. मला आलं नाही.

पैशाचा प्रश्न येणार हे मला कळतं. क्लोरोक्विनचं पेटंट संपून पिढ्या झाल्या. त्याच्यावर खर्च करून कुठल्याही कंपनीला काही सुटणार नाही. म्हणूनच मी कंपनीला न लिहिता तुम्हाला लिहिते. स्वस्त औषध नीट तपासून दाखवायची परंपरा टाटा मेमोरियलचीच आहे. स्तनाच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं, एवढीच ती कल्पना. दातांचे डॉक्टर जे माझ्याकडून रोज नेतात ते लिग्नोकेन. देशातल्या ११ केंद्रांत दीड हजारांवर स्त्रियांवर तिची चाचणी झाली, २०२३ मध्ये छापली गेली, आणि पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलेलं दिसलं. ती बातमी मी कापून दुकानात चिकटवली होती. पवईच्या आयआयटीत आणि टाटात वाढलेल्या कार-टी उपचारालाही (रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी बदलून त्यांना कॅन्सरवर सोडायचं) २०२३ मध्ये परवानगी मिळाली. बाहेरून यायची वाट न बघता इथे घडवता येतं, हे आम्ही ठाणे-नवी मुंबईचे लोक तुमच्याचकडून शिकलो. बाजारात आधीपासून असलेल्या औषधावर, विक्रीचा हेतू नसलेल्या संशोधनासाठी औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमांनी वाटही बरीच सोपी केली आहे. विकरासाठी दिल्लीची परवानगी लागेल, गोळीच्या पहिल्या पायरीसाठी एथिक्स कमिटीपासून सुरुवात करता येईल.

आणि एक मागणं असं आहे, ज्याला पैसा, परवानगी, प्रयोगशाळा काहीच लागत नाही. ओपीडीत रुग्णाच्या नातेवाइकाला विचारा: "घरून आणखी काय देता?" केसपेपरकडे बघत विचारू नका. "औषधं तीच ना?" असंही नको, कारण त्याला मान हलवणं फार सोपं असतं. पेन खाली ठेवून विचारा, आणि कोण काय देतंय ते न रागावता लिहून घ्या. माझ्यासारख्या बहिणी, मुली, जावई रांगेत बसलेले असतात. पिशवीत हळदीच्या कॅप्सूल असतात, पपईच्या पानांचा रस असतो, मलेरियाची गोळी असते. कुणी नीट विचारलं असतं तर मी त्या दिवशी बोलले असते, असं मला वाटतं. सोबत एक साधा मराठी कागद द्या, एका पानाचा: कोणती गोळी टेमोझोलोमाइडबरोबर चालत नाही, का चालत नाही, तुमच्याकडे कोणती चाचणी चालू आहे आणि तिच्यात नाव कसं घालायचं. त्या मुलीला "काहीच न करता बसू नकोस, इथे जा" असं म्हणून मला तो हातात देता आला असता. छपाईचा खर्च माझा. ठाण्यातल्या ओळखीच्या मेडिकलवाल्यांपर्यंत तो पोचवायचं कामही माझं.

शेवटी, माझ्याकडे एक वस्तू आहे. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं म्हणून आम्ही पॅथॉलॉजीतून भावाच्या गाठीचा मेणाचा ब्लॉक आणि दोन काचपट्ट्या सोडवून आणल्या होत्या. परत करायच्या राहून गेल्या. अंगठ्याच्या पेराएवढा पिवळसर तुकडा, मधोमध करडा ठिपका, कडेला पेन्सिलीनं लिहिलेला नंबर. दुकानातल्या कपाटात, थंड जागी, झिपच्या पिशवीत ठेवलाय. त्याच्यात ती दोन जनुकं गप्प आहेत की जागी, हे अजून तपासता येईल. भावजयीला मी सगळं खरं सांगितलं आहे. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं संमतीच्या कागदावर सही करून दिली. सोबत मी माझ्या हातानं लिहिलेलं आणखी एक पान जोडलंय: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती मिलिग्रॅम, सोबत कोणती औषधं, त्या काळातले सगळे सीबीसी.

रविवारी दुपारनंतर माझं दुकान बंद असतं, बाकी कुठलाही दिवस सांगितलात तर मदतनीस सांभाळेल. ठाण्याहून पनवेलची गाडी पकडली की खारघरला उतरता येतं. तुम्ही सांगाल त्या वेळी ब्लॉक घेऊन येते.

कळावे,

आपली,
नौपाडा, ठाणे येथील एक फार्मासिस्ट